बाहुबळाचा गैरसमज

मा. संपादक, स. न.

वालेरी क्लेशनेव यांच्यावरील कालचा लेख वाचला. आपल्या क्रीडापानाला क्रिकेटपलीकडचा एक माणूस आठवला, याबद्दल आभारच मानायला हवेत. मात्र ‘बाहुबळाकडून बुद्धिबळाकडे’ हे शीर्षक देणाऱ्या उपसंपादकांनी खालचा मजकूर वाचला होता का, अशी शंका येते. (हे गृहस्थ पटावर सोंगट्या हलवू लागले की काय, असे मला क्षणभर वाटले.) मॉस्को ऑलिंपिकमध्ये, १९८० साली, रोइंगच्या, म्हणजे वल्ह्यांच्या बोटींच्या शर्यतीत सोव्हिएत संघाच्या चौघांच्या बोटीतून रौप्यपदक मिळवणाऱ्या या खेळाडूने पुढे संशोधक होऊन जे मोजून दाखवले, ते बाहुबळाच्या कल्पनेलाच छेद देणारे आहे. वल्ह्यामागच्या शक्तीत जवळजवळ निम्मा वाटा पायांचा, साधारण तिसरा हिस्सा धडाचा, आणि हातांच्या पदरी पाव हिस्साही पुरता पडत नाही.

हे वाचून राग येण्याचे कारण खासगी आहे. कॉलेजात असताना पुण्याला मुळेच्या पात्रात मी तीन हंगाम वल्ही मारली. आमचे सर मूळचे तालमीतले. बोट मागे पडली की ‘दंड कमी पडतायत’ हे त्यांचे ठरलेले निदान आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शंभर जोर हा ठरलेला उपाय. सरकत्या सीटचा पुरता उपयोग करा, असे आम्हाला कोणी सांगितलेच नाही. गुडघे जेमतेम वाकत आणि सारा भार खांद्यांवर येई. आंतरमहाविद्यालयीन शर्यतीच्या उत्तरार्धात माझी बोटे इतकी बधिर झाली, की वल्ह्याची मूठ सुटून बरगडीत बसली आणि आमची बोट आडवी झाली. त्यानंतर आठवडाभर सर माझ्याशी बोलले नाहीत. उजवा खांदा मात्र थंडीत अजून बोलतो.

पदकानंतर क्लेशनेव यांनी ‘खेळ सोडला’, असे आपले लेखक लिहितात. वल्ह्याचा कोन, मुठीवरचा जोर आणि सीटची जागा यांची क्षणोक्षणीची नोंद घेण्यात ज्यांनी पुढचे आयुष्य घातले, त्यांनी खेळ सोडला म्हणायचे? बोट सर्वात वेगात असते ती वल्ही पाण्याबाहेर असताना, कारण त्या वेळी खेळाडू सीटवरून मागच्या टोकाकडे सरकतात आणि त्यांच्याहून कितीतरी हलकी असलेली बोट त्यांच्या पायांखालून पुढे पळते, ही गोष्ट नुसत्या दंडांना कधीच कळली नसती. लेखात नेमकी तीच गाळली आहे.

जाता जाता छायाचित्राविषयी. त्यातील दोघे कयाकमध्ये बसलेले असून त्यांची तोंडे जायच्या दिशेला आहेत. रोइंगमध्ये त्या दिशेला पाठ असते. माझे मागचे पत्र आपण निम्मे कापून छापले होते. या वेळी कात्री चालवायचीच असेल, तर कृपया त्या छायाचित्रावर चालवावी.

आपला,
एक जुना वल्हेकरी, पुणे