वायूतून वाचलेल्या कामगारांची स्मरणशक्तीही तपासा

मा. कामगार मंत्री, कर्नाटक शासन, यांस

सप्रेम नमस्कार.

गाळप हंगाम आला की अथणी, चिक्कोडी, रायबागकडचे कारखाने पेटतात. मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या टाक्या, शहरातली मॅनहोल, घरोघरचे सेप्टिक टँक, या सगळ्यांत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. त्यात कुणी दगावला की बातमी होते. जो वाचतो त्याची पुढे कुणी चौकशी करत नाही.

मी निपाणीत विज्ञान शिकवते. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील अशाच टाकीत बेशुद्ध पडले. दवाखान्यातून 'बरे झाले' म्हणून घरी आले आणि मग बाजारातून काय आणायचे तेच विसरू लागले, हजेरीचा हिशेब चुकू लागले. ठेकेदाराने काम बंद केले. लोक म्हणाले, पीत असेल. त्या माणसाने थेंबही घेतलेला नाही.

हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. 'वास गेला, आता उतर' हे वाक्य म्हणूनच जीवघेणे आहे. शरीरात गेल्यावर पेशींना ऑक्सिजन वापरता येत नाही आणि मेंदूतला आठवणी घडवणारा भाग, हिप्पोकॅम्पस, अशा कोंडीत फार लवकर दुखावतो.

याच वायूची दुसरी बाजूही खरी आहे. आपला मेंदू तो अगदी अल्प प्रमाणात स्वतः बनवतो. जपानमधील आबे आणि किमुरा यांनी १९९६ मध्ये दाखवले की हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींचे जोड बळकट व्हायला त्याची मदत होते. २०२१ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी अल्झायमरसदृश आजाराच्या उंदरांना हा वायू सावकाश सोडणारे औषध १२ आठवडे दिले, तेव्हा त्यांची स्मृती सुधारली. पण ते मोजून दिलेले औषध होते, तेही उंदरांना. कुणा मालकाने त्याचा आधार घेऊन टाकीतला वायू निरुपद्रवी ठरवू नये.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारकामात मृत्यू झाल्यास ३० लाख, कायमचे अपंगत्व आल्यास २० लाख आणि इतर अपंगत्वासाठी किमान १० लाख रुपये भरपाई ठरवली. हरवलेली स्मृती अपंगत्वात मोजली जाते का? तपासणीच होत नसेल, तर मोजणार कशी?

म्हणून विनंती आहे. वायूने बेशुद्ध झालेल्या प्रत्येकाची, मग तो गटारातला असो वा कारखान्यातला, दवाखान्यातून सुट्टी देताना आणि नंतर वर्षभर ठराविक अंतराने स्मरणशक्ती तपासण्याचा आदेश काढा. बेळगावच्या बिम्स रुग्णालयापासून सुरुवात करता येईल. ही चाचणी रुग्णाच्या भाषेत घ्या, नाहीतर भाषेची अडचण विस्मरण म्हणून नोंदली जाईल. टाकीवरचे धोक्याचे फलकही कन्नडबरोबर मराठीत हवेत. खानापूर-निपाणीकडून येणाऱ्या कित्येक मजुरांना वाचता येते ती मराठीच, आणि यात सीमावादाचा काहीही संबंध नाही. वायुमापक यंत्राशिवाय कुणालाही खाली उतरवणाऱ्या ठेकेदारावर गुन्हा नोंदवा, आणि तोही अपघात होण्याची वाट न पाहता.

आपली,
निपाणीतील एक विज्ञान शिक्षिका