हेक्टर सांगता, मग काठाचेही सांगा

स. न. वि. वि.

ठाणे खाडीकाठच्या कांदळवनाचा विषय निघाला की हेक्टरांचा आकडा पुढे केला जातो. तुकड्यांचे आकार आणि त्या आकारांतली तफावत कळल्याशिवाय तो अर्धवटच. १०० मीटर बाजूचा चौकोनी तुकडा एक हेक्टर. ५०० मीटर लांब, २० मीटर रुंद पट्टीही एक हेक्टर. परिमितीच्या चौथ्या हिश्श्याला क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने भागले की आकार-निर्देशांक मिळतो. चौकोनाचा १, पट्टीचा २.६. राडारोडा आणि कचऱ्याची झळ काठापासून १० मीटर आत पोचते असे धरले, तर चौकोनात ६,४०० चौरस मीटर गाभा शाबूत राहतो. पट्टीत काहीच नाही.

नुसत्या सरासरीनेही भागत नाही. एका ठिकाणचे निर्देशांक १.७, १.८, १.९ आणि दुसरीकडचे १.१, १.२, ३.१ असले, तरी सरासरी दोन्हीकडे १.८. प्रमाण विचलनाला (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याच्या मापाला) सरासरीने भागून टक्केवारी काढली की पहिली येते साडेचार, दुसरी ५१. इथेही एक मेख आहे. ‘फ्रॅगस्टॅट्स’ ही असे निर्देशांक काढणारी संगणकप्रणाली विचलन काढताना तुकड्यांच्या एकूण संख्येने भागते, स्प्रेडशीटमधले नेहमीचे सूत्र संख्येतून एक वजा करून. मग ५१ चे ६३ होतात. दोन वर्षांची तुलना दोन सूत्रांनी केली तर वन न बदलताही ‘बदल’ दिसणार!

खरी गोची नकाशातच असते. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला पिक्सेल, म्हणजे सर्वांत लहान चौकोन, ३० मीटरचा, त्यात २० मीटरची पट्टी तुटते किंवा गायब होते. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटर पिक्सेलच्या चित्रात ती टिकते. एका पिक्सेलचा तुकडा चौकोनीच, म्हणून निर्देशांक आपोआप १. असे भुरटे तुकडे हजारांनी आले की सरासरी आणि तफावत दोन्ही बिघडतात. म्हणून किमान किती पिक्सेलचा तुकडा मोजला हे छापावे. फक्त कोपऱ्याला टेकलेले पिक्सेल एकाच तुकड्यात धरले की वेगळे, हेही. तिरक्या ओहळाकाठी तेवढ्यानेच एका तुकड्याचे दहा होतात. चित्रे शक्यतो ओहोटीची घ्यावीत, भरतीत बुटकी झाडे पाण्याखाली जातात.

आणि नकाशा महापालिकेच्या हद्दीवर कापू नये. नवी मुंबई आणि ठाणे जिथे भेटतात त्या दिघा-विटाव्याकडे सलग झाडीतून सरळ रेघ जाते आणि ती काठ म्हणून परिमितीत मोजली जाते. हद्दीपलीकडचे तुकडे अखंड धरून निर्देशांक काढावा, क्षेत्रफळाची वाटणी नंतर करावी.

– एक वाचक, ऐरोली