ते 15 लाख पोस्टातच राहू द्या

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर माझ्या घरासाठी तुम्ही 15 लाख द्यायचा विषय निघाला की आई रडते आणि बाबा "तुमचं तुम्ही बघा" म्हणून फोन ठेवतात. म्हणून सगळं लिहून काढते आहे. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

आधी ठरलेलं सांगते. बालेवाडीचा थ्री बीएचके आम्ही सोडला. टोकन दिलेलं नव्हतं, त्यामुळे एक रुपयाही अडकलेला नाही. वारज्यातला टू बीएचके घेतोय, रीसेलचा, 68 लाखांना. तुमचे 15 लाख मी घेणार नाही. एजंटला खातं बंद करायचा फॉर्म आणायला सांगितला असेल, तर त्याला आजच फोन करून थांबवा.

रागावू नका. मागच्या रविवारी बाबांची निळी वही टेबलावर उघडी होती. गॅस, सोसायटी, पेपर, मावशींचा पगार, आईचे डोळ्यांचे ड्रॉप्स, आणि सगळ्यांच्या खाली पेन्सिलीने "मनू 15". त्याच्या शेजारी "जानेवारीपासून कमी", आणि पेपरवर काट. बाबा, सकाळचा पेपर हातात आल्याशिवाय तुमचा चहा घशाखाली उतरत नाही. तो पेपर बंद करून मला तिसरी बेडरूम नको आहे.

आता हिशेब मांडते, कारण तुम्हाला हिशेबानेच पटतं. 2023 च्या जूनमध्ये पोस्टात उघडलेल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेच्या त्या खात्यात 30 लाख आहेत, दर 8.2 टक्के, पाच वर्षं पक्का. दर तिमाहीला 61,500 रुपये जमा होतात, म्हणजे महिन्याला 20,500. तुमचं घर यावरच चालतं. ईपीएसच्या (पीएफबरोबरच्या) पेन्शनमध्ये दोघांची औषधंही भागत नाहीत आणि तिला महागाई भत्ता नाही, त्यामुळे ती आहे तेवढीच राहणार. त्या खात्यातून "निम्मेच काढतो" असं करता येत नाही, मोडायचं तर अख्खं मोडावं लागतं. दोन वर्षं उलटून गेलीत म्हणून मुद्दलाचा एक टक्का कापतील, म्हणजे 30,000 रुपये सहीबरोबरच गेले. मला 15 लाख देऊन उरलेले 14 लाख 70 हजार त्याच दराने परत गुंतवले तरी तिमाहीला 30,135. महिन्याला 10,045 रुपयांत कोथरूडमध्ये दोन माणसांचं घर कसं चालायचं? आई-वडिलांनी दिलेल्या पैशावर मुलीला टॅक्स पडत नाही हे बाबा म्हणाले ते बरोबर आहे. पण टॅक्सची अडचण मला कधीच नव्हती.

दुसरी गोष्ट दादाची. मला 15 दिले की दादालाही तेवढेच द्यावेत असं तुमच्या मनात येणार. तुमच्याकडे तेवढे नाहीत, मग ती टोचणी तुम्ही दोघं जन्मभर बाळगणार. वहिनी एका शब्दानेही बोलणार नाही, हे मला माहीत आहे. पण वाड्याच्या वेळी न बोलल्याचं काय झालं तेही आपण पाहिलंय. ते परत काढत नाही.

आमची काळजी करू नका. 68 लाखांच्या घराला बँक 80 टक्क्यांपर्यंत देते, म्हणजे 54 लाख 40 हजार. आपले भरायचे 13 लाख 60 हजार. स्टॅम्प ड्यूटी पुण्यात 7 टक्के आहे, पण खरेदी एकट्या बाईच्या नावावर असेल तर 6, म्हणून घर माझ्या एकटीच्या नावावर होईल. त्याचे 4 लाख 8 हजार, रजिस्ट्रेशनचे 30 हजार. सगळे मिळून 18 लाखांच्या आत, आणि तेवढे आमच्याकडे आहेत. साडेआठ टक्के व्याज धरलं तरी वीस वर्षांसाठी हप्ता 47,200 च्या आसपास येतो. आई, नावाची सूचना तुझ्या जावयांचीच आहे, तेव्हा "त्यांना काय वाटेल" हे मनातून काढून टाक.

आणि घर चांगलं आहे गं. लिफ्ट आहे, बाहेरच्या टॉयलेटला कमोड आहे, बाजूला धरायला दांडी मी बसवून घेणार आहे. पूर्वेकडच्या खोलीत तुमचे दोन पलंग मावतात, मी मोजून आले. तुझी शिवणाची मशीन खिडकीपाशी राहील. वारज्याहून तुमच्याकडे यायला रिक्षाने वीस मिनिटं. मी अजूनही तापात तुझ्याच हातचा मऊ भात मागणार आहे, ते काही बदलत नाही.

मी पैसे घेणार नाही म्हटल्यावर ते कुठे जातील, याची मात्र मला धास्ती आहे. अण्णाकाकांच्या मुलाला पतसंस्थेचं 8 लाखांचं कर्ज हवंय आणि त्याने जामीन म्हणून बाबांची सही मागितली आहे. बाबा, ही सही करायची नाही. "फक्त कागदापुरतं" असं काही नसतं. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. त्याने हप्ते थकवले तर संस्थेने आधी त्याच्या मागे लागावं, मग तुमच्याकडे यावं, अशी सक्ती नाही. ती थेट तुमच्या दारात येऊ शकते. पतसंस्थेला त्यासाठी दिवाणी कोर्टात वर्षं घालवावी लागत नाहीत. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि वसुली अधिकारी जप्तीला येतो. मुलगा वाईट नाही, मलाही तो आवडतो. त्याचा धंदा पहिल्या दोन वर्षांत तोट्यात गेला तर त्यात त्याचा दोषही नसेल. पण फेडायची पाळी तुमच्यावर येईल आणि अण्णाकाकांशी बोलणंही बंद होईल. नात्यातली अबोला धरलेली किती घरं अशा एका सहीवरून तुटलीत, ते तुम्हीच मला सांगत आलात.

नाही कसं म्हणायचं, तेही लिहून देते. "आमच्या सगळ्या सह्या आता मनू बघते, तिने नको म्हटलंय." एवढंच बोला आणि चहा विचारा. कारणं देत बसू नका, प्रत्येक कारणावर समोरचा तोडगा काढतो. वाईटपणा माझ्याकडे येऊ दे, मला चालेल. द्यावंसं वाटलंच, तर परत आले नाहीत तरी मनाला लागणार नाही एवढीच रक्कम हातात द्या, 25 हजार म्हणा, आणि वहीत ती "उसने" म्हणून लिहू नका. लिहिलंत की दर दिवाळीला तुमचं लक्ष त्या ओळीवर जाईल.

त्याच पतसंस्थेत बाबांनी ठेवलेले 4 लाख मुदत संपली की काढा. अध्यक्ष सकाळी टेकडीवर भेटतात, माणूस सज्जन आहे, सगळं मान्य. पण पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण नाही. सहकारी बँकेला ते आहे, तेही एका माणसाला एका बँकेत व्याजासकट 5 लाखांपर्यंत, मग शाखा कितीही असोत. रुपी बँकेवर 2013 मध्ये निर्बंध आले आणि 2022 मध्ये परवाना रद्द झाला. मधली नऊ वर्षं ठेवीदारांनी कशी काढली ते तुम्ही पाहिलंत. टेकडीवर विचारलं तर "मुलीच्या घराला लागणार होते" म्हणा. ते खोटंही नाही, तुमच्या मनात होतंच.

आता थोडी हुकूमशाही. बाबा, बँकेतल्या तिन्ही एफडी तुमच्या एकट्याच्या नावावर आहेत. उद्या तुम्हाला चार दिवस हॉस्पिटलात राहावं लागलं तर आईला त्यातला एक रुपया काढता येणार नाही. नूतनीकरणाच्या वेळी दोघांच्या नावावर करा, "आयदर ऑर सर्व्हायव्हर" लिहून. पण तेवढ्याने भागत नाही. मुदत संपल्यावर दोघांपैकी कोणीही पैसे घेऊ शकतं, मुदतीआधी मोडायची तर दोघांची सही लागते. आणि दोघांतलं एकच राहिलं तर (लिहिताना हात थांबतो, पण लिहिते) बँक वारसांची संमती मागू शकते. म्हणून ठेव करतानाच दोघांच्या सहीचं पत्र द्यायचं, की मागे राहणाऱ्याला मुदतीआधी मोडण्याचा अधिकार आहे. त्या पत्राच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यायची. तोंडी "हो हो, होऊन जाईल" चालणार नाही. नॉमिनी म्हणून आता चार जणांपर्यंत नावं टक्केवारीसह देता येतात. मी आणि दादा, निम्मे निम्मे. त्याच्याशी मी बोलले आहे.

आई, तुझं एटीएम कार्ड कपाटात पाकिटातच पडून आहे. पुढच्या महिन्यापासून घरखर्चाचे पैसे तू काढायचे. बाबांनी बाहेर उभं राहायचं, आत येऊन बटणं दाबायची नाहीत. पहिल्यांदा हात थरथरेल, चालतं. बचत खात्यात 2 लाख कायम मोकळे राहतील असं बघा. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन "मनूचं घर होऊ दे मग" म्हणून पुढे ढकललंयस ना? घर झालं. आता तारीख घे. बाबा सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांचं सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड मी काढून देते, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार होतात. मेडिक्लेम आहे म्हणून हे मिळणार नाही असं कोणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. मेडिक्लेमही चालूच ठेवायचा.

बुधवारी सकाळी साडेदहाला मी येते, रजा टाकली आहे. दोघांची आधार, पॅन, तिन्ही एफडीच्या पावत्या, पासबुकं आणि दोन दोन फोटो काढून ठेवा. आई, जवळचा चष्मा पर्समध्ये टाक, सहा-सात ठिकाणी सह्या आहेत. बाबा, पेपरवाल्याला बंद करायला सांगितलं असेल तर उद्या सकाळी परत सुरू करायला सांगा.

तुमची,
मनू