मीटर मोजतो, ठरवायचं आपण

रामबाग, इंदूर

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. कॅमेरा कोणता घेऊ, एवढंच तू विचारलं आहेस, पण मला काही एका ओळीत उत्तर देववत नाही. मी रविवारी सकाळी फोटोग्राफीच्या वर्गाला जातोय, आणि तिथे जे हाती लागतंय ते तुला सविस्तर लिहायचं कधीपासून मनात होतं. कॅमेऱ्याचं आधी सांगून टाकतो: इतक्यात काही घेऊ नकोस. खिशातला मोबाइल पुरे. आमच्या वर्गातली बरीच मंडळी मोबाइलवरच शिकताहेत आणि त्यांचं काही अडलेलं नाही.

पहिल्याच दिवशी सर एक पांढरा टॉवेल आणि एक काळी छत्री घेऊन आले. कॅमेरा ऑटोवर ठेवायचा, चौकट त्या एकाच वस्तूने पूर्ण भरायची आणि दोन्हींचे वेगवेगळे फोटो काढायचे. पडद्यावर पाहिलं तर टॉवेलही राखाडी आणि छत्रीही राखाडी! सगळ्यांचेच तसे. झालं असं की, वस्तू पांढरी आहे की काळी हे कॅमेऱ्यातल्या मीटरला कळत नाही. तो फक्त समोरून येणारा उजेड मोजतो आणि समोरचं सगळं सरासरीने मधल्या राखाडी छटेचंच असणार असं धरून चालतो. १८ टक्के ग्रे म्हणतात ती ही छटा. त्यामुळे पांढऱ्याला तो दाबतो, काळ्याला उजळवतो. टॉवेल पांढराशुभ्र यायला हवा असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, एक-दीड स्टॉप आपण वाढवायचं, छत्रीसाठी तेवढंच उतरवायचं. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. बऱ्याच मोबाइलांत पडद्यावर बोट टेकलं की सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते वरखाली सरकवलं की हेच काम होतं. लगेच करून बघ, घरात टॉवेल असेलच.

हे मनात घर करून बसलं. कॅमेरा अंदाज बांधतो, आणि तो मानायचा की नाही हे माणसाने ठरवायचं. एवढं समजल्यावर घरातले जुने अल्बम पुन्हा काढून बसलो. खिडकीला पाठ करून बसलेले काका आणि त्यांचा काळवंडलेला चेहरा, असा फोटो प्रत्येक घरात सापडेल. खिडकीच्या उजेडाने मीटरला भुलवलेलं असतं.

खिडकीवरून आठवलं. त्यानंतरचे बरेच दिवस आम्ही खिडकीशीच काढले. मी काकूला बसवलं. नव्वदीकडे झुकलेली बाई, मोगऱ्याच्या कळ्या गुंफत होती. खिडकीला अगदी खेटून बसली तर अर्धा चेहरा लख्ख आणि अर्धा अंधारात. तिला खोलीत चार-पाच हात आत सरकवलं, तर उजेड कमी झाला खरा, पण तो एकसारखा पसरला. मग अंधाऱ्या बाजूला एक पांढरी चादर धरली, आणि गालावरच्या सुरकुत्या, सुईत ओवलेला दोरा, बोटांवरची नखांची रेघ, सगळं हळूहळू वर आलं. दिवा नाही, फ्लॅश नाही. मी काकूला जन्मापासून बघतोय, पण तिची बोटं इतकी सरळ आणि लांब आहेत हे त्या दिवशी दिसलं.

आकडेमोडीला घाबरू नकोस, ती आठवड्याभरात अंगवळणी पडते. एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा, तो जितका लहान तितकं छिद्र मोठं; दुसरा आकडा शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं राहतं त्याचा. एफ/८ ला १/१२५ आणि एफ/५.६ ला १/२५०, दोन्हींत आत येणारा उजेड सारखाच. छिद्र एका पायरीने मोठं केलं की वेळ निम्मा करायचा. फरक इतकाच, की पहिल्यात मागचं जास्त स्पष्ट येतं आणि दुसऱ्यात हलणारी वस्तू जास्त थांबते. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग कल्पून विषय त्या रेघांवर ठेवायचा वगैरे नियमही शिकवतात, ते कामाला येतात, त्यावर अधिक काय लिहू.

सराफ्याची रात्र मात्र सांगायलाच हवी. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाल्यावर तिथे खाण्याचा बाजार भरतो, हे तुला काय सांगायचं. दहीवड्याचा द्रोण हवेत उंच उडवून झेलतात ना, तो टिपायचा होता. आमच्यातल्या सगळ्यांना वाटलं, खूप वेगवान शटर लागणार. सर म्हणाले, "पहले देख तो लो, भिया." नुसतं बघत उभे राहिलो. वर गेलेला द्रोण खाली येण्याआधी क्षणभर जवळजवळ थांबतो. तो क्षण धरला तर बल्बच्या उजेडातही १/१२५ चालून जातं. तिथे शटरच्या वेगापेक्षा नजरेची तयारी जास्त उपयोगी पडते.

या शहराला कॅमेरा नवा नाही, बंडू. जुन्या काळचे नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इथल्या सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढणारे, म्हणून रुजू झाले आणि इथेच छायाचित्रणाकडे वळले. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना आश्रय दिला. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले, 'राजा' हा किताब त्यांना तिथेच मिळाला. त्या काळी कॅमेऱ्यात मीटर नव्हताच! काचेची प्लेट, लेन्सवरचं झाकण हाताने काढायचं, मनात आकडे मोजायचे, परत लावायचं. ऊन किती, दगड किती काळा, सावली किती राखायची, सगळा हिशेब डोळ्यांनी करायचा. हे कळल्यापासून त्यांचे फोटो मी तासन्‌तास बघतो आणि मन आदराने भरून येतं.

मग मी होळकरांच्या राजवाड्यात गेलो. दरवाजाच्या आत, कमानीखाली उभा राहिलो. आत गार अंधार, बाहेर चौकात रणरणतं ऊन. दोन्ही एका फोटोत नीट येत नाहीत. खालच्या तीन मजल्यांचा दगड दाखवायचा तर बाहेरची गर्दी उन्हात विरून जाते, गर्दी दाखवायची तर दगड काळोखात जातो. मी दगड ठेवला. १९८४ च्या आगीत या वाड्याचं लाकूडकाम किती जळलं ते घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेलं, म्हणून मला तो दगड हवासा वाटला. दुसऱ्याने गर्दी ठेवली असती, तेही बरोबरच.

तेव्हा आधी वर्ग लाव. पुण्यात वर्गांना तोटा नाही. एवढंच बघ की शिकवणारा तुमचे फोटो समोर ठेवून बोलतो ना. नुसती बटणं शिकवणारा नको.

आणि रंगपंचमीला इकडे ये. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, राजवाड्यावरून जाते तेव्हा गुलालाचे ढग उठतात. सूर्य त्यांच्या मागे ठेवला की ते आतून पेटल्यासारखे दिसतात. मोबाइल पारदर्शक पिशवीत घालायचा. कॅमेरा असलाच तर गर्दीत लेन्स अजिबात बदलायची नाही, आणि घरी आल्यावर आधी कोरड्या ब्रशने झटकायचा, ओलं फडकं लावायचं नाही. माझ्या आतेभावाची गच्ची गेरच्या रस्त्यावरच आहे. येणार असशील तर लवकर कळव, त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा उरत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
दिगू