हौस दारावर करा, काचेवर नको

‘गाडीवर काय लावावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न’ या आशयाचे पत्र वाचले. दारावर, बंपरवर खुशाल लावावे. माझ्याही डिकीवर सिद्धरामेश्वरांचे नाव आहे. आक्षेप आहे तो काचेवरच्या स्टिकरला. परवा सात रस्त्याजवळ एक मोटार मागे येत होती. मागची काच नेत्याच्या फोटोने आणि मोठ्या अक्षरांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकलेली. मागे सायकल धरून उभी असलेली शाळकरी मुलगी चालकाला दिसलीच नाही. चहाच्या गाड्यावरची माणसे ओरडली, म्हणून ती वाचली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. तेव्हा काचेपुरता तरी हा प्रश्न एकट्या गाडीमालकाचा उरत नाही. वाहतूक पोलिसांनी नंबरप्लेटइतकेच मागच्या काचेकडेही पाहावे. आणि शहरातल्या रेडियमवाल्यांना विनंती, की गिऱ्हाईक कितीही जवळचे असले, तरी काच झाकायचे काम घेऊ नये.

– एक वाचक, सोलापूर