मॉडेल विमान म्हणजे ड्रोन नव्हे

संपादक महोदय,
मैदानावर ड्रोनसोबत रिमोटची विमानंही बंद करा, असं पत्र रविवारच्या अंकात वाचलं आणि खरंच वाईट वाटलं. २०२१ च्या ड्रोन नियमांतच मॉडेल विमानाची व्याख्या वेगळी दिलीय, २५ किलोपर्यंत वजन, फक्त शिक्षण, संशोधन, हौस अशा कामांसाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवायचं, त्याला टाइप सर्टिफिकेटही (त्या मॉडेलला मिळणारं सरकारी मान्यतापत्र) लागत नाही. आमच्या विमानावर तर कॅमेराच नाही. माझी मुलगी बाल्सा या हलक्या लाकडाच्या पातळ फळ्या ब्लेडनं कापून पंख जोडते, बॅटरी बोटभर पुढेमागे सरकवून तोल जमवते, उडवण्याआधी रडरचा, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूचा, सर्व्हो (ते वळवणारी छोटी मोटर) बरोबर हलतोय ना ते दोनदा बघते, हे सगळं क्लासमध्ये कुठे शिकायला मिळतं? सरसकट बंदीपेक्षा सकाळी ६ ते ८ ही वेळ ठरवून द्या, तेव्हा क्रिकेटवालेही आलेले नसतात.
– एक पालक, नाशिक