टाचकाकाचं पत्र

सोलापूर,
12 एप्रिल

प्रिय सुध्या,

आठ महिने झाले, पत्र नाही, फोन नाही, तुझ्या दोन मिस कॉलना उत्तर नाही. शिव्या दे, पण आधी वाचून घे. इकडं सगळे बरे. आईचा बीपी गोळीवर चाललाय, आप्पांना हवं तेवढंच ऐकू येतं. ऊन म्हणशील तर दुपारी नवी पेठेत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही.

तर माझी टाच गेलीय. उजवी. हसू नको बे. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेत आतल्या बाजूनं खिळा घुसतो. दहा-पंधरा पावलं भिंत धरून चालायचं, मग जरा सैल होतं. दुकानात तासभर बसून उठलं की परत पहिल्यापासून. फेब्रुवारीपासून हेच चाललंय.

पण टाचेसाठी मी तुला पत्र लिहिलं नसतं. परवा तालमीत गेलो, तर आपण आकडे लिहायचो त्या फळ्यावर पोरांनी खडूनं लिहून ठेवलेलं: 'टाचकाका, आजारी रजेवर'. खाली चपलेचं चित्र. सगळे हसले, वस्ताद तर खोकला लागेपर्यंत. मीपण हसलो. आणि वजनाच्या बारला प्लेट लावताना मला तुझी कंबर आठवली.

कुठला फळा, अक्षर कुणाचं, हे तुला सांगायला नको. 2016. तेव्हा मी काय लिहिलेलं ते इथं परत लिहीत नाही. तू आलास, वाचलंस, बाटली भरलीस आणि गेलास. मी गावभर सांगत फिरलो की सुध्याला पुण्याची नोकरी लागली म्हणून तालीम सुटली. नोकरी तुला पाच महिन्यांनी लागली. मला माहीत होतं ते.

बरं, टाचेचं ऐक. पहिल्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, टाचेचं हाड वाढलंय म्हणाले, इंजेक्शन घ्या आणि वजन उचलणं कायमचं बंद करा. मी दोन रात्री झोपलो नाही. 41 व्या वर्षी बार सोडायचा म्हणजे राहिलं काय, गल्ला आणि जीएसटी? मग बायकोनं ओढत फिजिओ मॅडमकडं नेलं. त्या म्हणाल्या, असं वाढलेलं हाड कित्येकांना असतं आणि त्यांचं काहीच दुखत नाही. दुखतीय ती टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेली तळपायाची पट्टी. प्लांटर फॅसायटिस म्हणतात. मग विचारलं, स्क्वॉट, म्हणजे बार खांद्यावर घेऊन बैठका मारताना दुखतं? नाही. जमिनीवरून बार उचलताना, डेडलिफ्टला? नाही. कधी दुखतं मग? सकाळी, दुकानात, आणि दोरीवरच्या उड्या मारल्या की दुसऱ्या दिवशी. दोरी मी जानेवारीत सुरू केलेली, पोट उतरवायला, एकदम रोज पाचशे. 'आणि दुकानात पायात काय घालता?'

काय घालणार? लक्ष्मीचा फोटो, गादी, गल्ला. चपला उंबऱ्याबाहेर. नऊ तास शहाबादी फरशीवर अनवाणी उभा, वीस वर्षं. मी दोन महिने बारला शिव्या घालत होतो आणि टाच खाल्ली फरशीनं. त्यावर ती दोरी.

घरी येऊन सांगितलं तर आप्पा म्हणाले, 'आमची नाही दुखली कधी.' सुध्या, आप्पा सकाळी उठल्यावर मोरीपर्यंत चवड्यांवर जातात. मी लहानपणापासून बघतोय. मला वाटायचं झोपमोड होऊ नये म्हणून जातात.

आता घरातसुद्धा चप्पल. नवी आणली, बाहेर एकदाही न घातलेली, तरी आई मी गेलो की मागं पोछा मारते. देवघरापुढून जाताना चप्पल हातात घ्यायची, लंगडत पलीकडं जायचं, परत घालायची. दुकानात आप्पांशी तह झालाय, गल्ल्यामागं जाड रबरी मॅट, वर चादर अंथरलेली, म्हणजे गिऱ्हाइकाला गादीच वाटावी.

आणि हो, बूट. तू सहा हजारांचे टाच उंच असलेले स्क्वॉटचे बूट आणलेलेस तेव्हा 'पैलवान कधी बूट घालतो का बे' असं सात रस्त्यापर्यंत ओरडलो होतो. तसलेच आणलेत मी. त्यात पोटरीवर ताण कमी येतो, खाली बसताना बरं वाटतं. हे तू तेव्हाच सांगितलेलंस. तरी डेडलिफ्ट अनवाणीच, तिथं मी हरलेलो नाही.

व्यायाम काय दिलाय माहितीय? पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड. बारा मारणं सोपं झालं की पाठीवर सॅक घेऊन वजन वाढवायचं. डेन्मार्कमध्ये 48 जणांवर करून बघितलेलं, 2014 साली छापून आलंय. तीन महिन्यांनी नुसत्या ताणण्यापेक्षा याचा गुण जास्त, वर्षानं मात्र दोन्हीकडचे सारखेच. म्हणजे धीर असेल तर पाय ताणत बसा, नसेल तर वजन उचला. मी कुठला ते तुला ठाऊक आहे. पण अख्खी हयात टॉवेल विकण्यात गेली आणि डेन्मार्कवाल्यानं सांगावं की तो बोटांखाली घ्या!

दहापैकी तीन-चार दुखलं तर चालतं, दुसऱ्या सकाळी वाढलं नाही म्हणजे झालं. दोरी बंद. स्क्वॉट चालू. बरं व्हायला महिने लागतील म्हणाल्या. आज बावीस पावलं भिंत धरली, परवा आठ होती. मोजत बसलो की जास्त दुखतं, नाही मोजलं की जास्त भीती वाटते. रात्री बायको झोपली की अंगठा वर ओढून तळव्यातली ती तार चाचपत बसतो. तू कंबर धरून बाकावर बसायचास, तेव्हा असंच काहीतरी मोजत होतास का? मी कधी विचारलं नाही. डेडलिफ्टच्या मधल्या वेळात 'ऊठ की बे, नाटक्या' एवढंच म्हणायचो. फळ्यावरचं तर तू सगळ्यांदेखत वाचलंस. चुकलं माझं.

बारच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन प्लेट, म्हणजे 140 किलो, हा आपला मटणाचा करार अजून उघडाच आहे. फेब्रुवारीत 130 उचललं. 140 चा बार एकदा भरला, पकडलासुद्धा, आणि परत उतरवला. टाचेचं नाव सांगितलं सगळ्यांना. टाच तेव्हा दुखत नव्हती. मटण कुणाकडून खायचं, असं झालं.

तुझं काय? वहिनींची शाळा, पोरीची दहावी, सगळं नीट असेल. नवीन फ्लॅट मिळाला का? कंबर कशी आहे ते मात्र सविस्तर लिही, उचलतोस का काही, निदान सिलिंडर तरी?

तुझा चामड्याचा पट्टा माझ्याकडंच आहे. मागितला नाहीस म्हणून दिला नाही. कडक झालेला, खोबरेल लावून मऊ केला. मी पाचव्या भोकावर घालतो, तुझ्या तिसऱ्यापाशी चामडं अजून वाकलेलं आहे. गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा घेऊन जा. जानेवारीपर्यंत टाच बरी झाली तर नंदीध्वजामागं अनवाणी चालेन, नाहीतर तू चाल, मी कडेनं चपलेत.

तुझा,
अव्या

ता.क. शेंगाची चटणी आणि दोन टर्किश टॉवेल पार्सल केलेत. निळा जाड आहे, तो अंग पुसायला काढू नको. टाच दुखली तर लागेल.